फोन आपण ठेवायचा नसतो

समुपदेशक रडत होता आणि ती त्याला पाणी प्यायला सांगत होती.

"सावकाश. एकेक घोट घ्या. मी इथेच आहे."

समुपदेशकाने चष्मा काढून डोळे पुसले. तिच्या शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे फ्रेम नाकावर सैल बसतेय हे त्याच्या अशाही वेळी लक्षात आलं. बायकोने सांगायला सुरुवात करून फार वेळ झाला नव्हता. एका अपघाताच्या फोनपर्यंतच ती पोचली होती.

"तुमच्या पत्नी विलक्षण खंबीर आहेत," समुपदेशक दारापाशी नवऱ्याला म्हणाला. "त्यांना माझी गरज आहे असं मला वाटत नाही."

ते खरंच होतं. गरज उलट दिशेने होती. फी तेवढी ठरलेल्या दिशेने गेली.

हा दुसरा. पहिल्या बाई फोनवरून समुपदेशन करायच्या. हिला फोनची सवय आहे, सोपं जाईल, असा नवऱ्याचा हिशेब. फोन लागताच हिने विचारलं, "कुठून बोलताय आपण? जवळची एखादी खूण सांगा." बाईंनी सांगितली. मग तासभर त्या आपल्या सुनेबद्दल बोलत राहिल्या. हिने ऐकून घेतलं.

नियंत्रण कक्षात मदतीचे फोन घेणं हे तिचं काम. आग असो, अपघात असो, कुणाच्या छातीत दुखत असो, पहिला आवाज तिचा. तिथे दोन गोष्टी घोटून घेतल्या जातात. आवाज चढू द्यायचा नाही, आणि गाडी पोचेपर्यंत फोन आपण ठेवायचा नाही. पुढे त्या माणसाचं काय झालं हे कुणी कळवत नाही, आणि विचारायचंही नसतं.

तो आवाज वर्षभरापूर्वी तिच्याबरोबर घरी आला आणि राहिला. दूध उतू गेलं, सासूबाईंनी टोमणा मारला, नवरा वाढदिवस विसरला, तरी उत्तर एकच, "हरकत नाही. आपण बघू." सासूबाई नातेवाइकांत सुनेचं कौतुक करू लागल्या, चार घरांत त्यामुळे भांडणं झाली. नवऱ्यालाही सुरुवातीला बरंच वाटलं. भांडण नको असणाऱ्या माणसाला याहून काय हवं?

मग मुलगी सायकलवरून पडली. गुडघा चांगलाच फुटला होता. हिने जखम धुतली, पट्टी बांधली, तिला बोलतं ठेवलं. काही चुकलं नाही. मुलगी रडायची थांबली आणि बापाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, आई माझ्याशी फोनवरच्या लोकांशी बोलते तसं बोलते."

तेव्हापासून तो योग्य माणूस शोधत होता.

तिसऱ्या समुपदेशक बाईंचं नाव त्याला दुकानातच मिळालं. आगीच्या बंबावर काम करणाऱ्या एकाची बायको डोळ्यांचा नंबर तपासायला आली होती. "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" तो विचारत होता, मध्येच बायकोचा विषय निघाला आणि ती म्हणाली, "आमच्या यांना पाच जणांकडे नेलं मी. पहिले चार म्हणाले, दीर्घ श्वास घ्या. धुरात काम करणाऱ्या माणसाला. आता मी आधीच विचारते, असल्या कामाची माणसं पाहिलीत का? आणि हो, तुम्हीही आत जा. त्या पाचव्या बाई घरच्यांनाही बसवतात."

बाईंची खोली दातांच्या दवाखान्यावर होती. खालून यंत्राची घरघर वर यायची. बाईंना सर्दी झाली होती. रुमाल हातातच होता.

बायको सहा महिन्यांपूर्वीच्या एका फोनबद्दल सांगू लागली, एका म्हाताऱ्या आजोबांचा. ते मुलाकडे नव्यानेच राहायला आले होते, घराचा पत्ता पाठ नव्हता. खिडकीतून काय दिसतं ते एकेक सांगत होते, त्यावरून गाडी पाठवली. आजी जमिनीवर. छाती कशी दाबायची ते तिने फोनवरून शिकवलं. तिचा आवाज बातम्या देणाऱ्यासारखा सरळ चालला होता.

"हा आवाज कामावरचा का?" बाईंनी विचारलं.

"हो," ती म्हणाली, त्याच आवाजात.

"घरातला कसा असतो?" हे बाईंनी नवऱ्याला विचारलं.

त्याने आठवून पाहिलं. आठवेना. मग जागा भरायला तो म्हणाला, "पण त्या आजी वाचल्या. रुग्णवाहिकेवरचा एक ड्रायव्हर माझं गिऱ्हाईक आहे, मी मुद्दाम चौकशी केली. आता घरी आहेत, आजोबांशी भांडतात म्हणे. चहात साखर कमी पडली म्हणून."

त्या फोननंतर त्याने हीच बातमी घरी तिला दिली होती; साखरेचा तपशील त्याला तेव्हाच सुचला होता आणि आवडला होता. असल्या तपशिलामुळे बातमी खरी वाटते.

"नाही वाचल्या," बायको म्हणाली.

खालचं यंत्र थांबलं.

"फोन जमिनीवर तसाच चालू होता. मी ठेवला नव्हता. गाडीवरचा माणूस दुसऱ्याला म्हणाला, थंड पडल्यात, तास तरी झाला असेल. आजोबांना ऐकू गेलं नाही. ते दाबतच होते. मला विचारत होते, मी बरोबर करतोय ना बाळ? मी म्हटलं, अगदी बरोबर."

नवरा खुर्चीत तिच्याकडे वळला.

"मग तू तेव्हा मला 'बरं झालं' का म्हणालीस?"

"काय म्हणायला हवं होतं?" तिचा आवाज मध्येच फाटला. "इतका खुशीत सांगत होतास. मला मग तुलाही सांभाळावं लागलं. आजोबा एक आणि तू एक. सहा महिने त्या आजी आपल्या घरात चहा पितायत, आणि मी काही बोलू शकत नाही. कुणी सांगितलं होतं रे तुला?"

त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नुसतं नाक पुसलं. घड्याळाकडेही पाहिलं नाही.

"मला वाटलं, तुला..." त्याने सुरुवात केली.

"मध्ये बोलू नकोस."

ती रडली. चांगलं दिसेल असं नव्हे. नाक, केस, सगळं एक करून रडली. पाण्याचा पेला समोर होता, पण तिला कुणी तो घ्यायला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्याची वेळ ठरवून ते निघाले. जिन्यात अर्ध्यावर ती थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"मी त्यांना सांगायला हवं होतं का? की आता थांबा म्हणून?"

त्याच्याकडे उत्तर होतं. चांगलं उत्तर होतं, तपशिलासकट. त्याने ते ओठांपर्यंत आणलं आणि गिळलं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. फार दिवसांनी त्याचं एखादं बोलणं तिला खरं वाटल्यासारखं दिसलं.