फुगलेली बॅटरी

"खिडकी उघड. पंखा बंद कर. आणि तू जरा लांब हो."

तीन हुकूम एका दमात. मी खिडकी उघडली, पंखा बंद केला, पण लांब काही झाले नाही. मोबाईल माझा होता.

जेवणाच्या टेबलावर ह्यांनी पांढरा पंचा अंथरला होता. त्यावर माझा फोन पालथा, शेजारी कुरिअरने आलेली नवी बॅटरी, आणि माझ्या केकच्या डब्यात वाळू. काही पेटलंच तर वाळूत टाकायचं, म्हणे. आठवडाभर ह्यांनी ह्याच विषयाचा अभ्यास केला होता. एवढा मॅट्रिकला केला असता तर बोर्डात आले असते.

फोनची पाठ पुरीसारखी फुगली होती. नारायण पेठेत आमच्यापासून हाकेच्या अंतरावर मोबाईल दुरुस्तीची तीन दुकानं आहेत. "तिथं देऊन टाका ना," म्हटलं, तर "मी घरात असताना?" एवढंच बोलले आणि पेपरात डोकं घातलं.

भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं हे मोजमापाची नाजूक उपकरणं दुरुस्त करत होते. निवृत्तीनंतर आख्ख्या बिल्डिंगचे मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन आमच्याकडे यायला लागले. कुणाला कधी नाही म्हटलं नाही. श्यामकाकांच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणायचे.

आणि वर्षभरापासून तोच हात थरथरत होता. हे सांगत नव्हते, मी विचारत नव्हते. पेपर वाचताना उजवा हात मांडीखाली जायचा. मी चहा अर्धा कपच भरायला लागले. "तुमची साखर वाढलीय," असं कारण दिलं. डॉक्टरचं नाव काढलं की हे उठून गॅलरीत जायचे. त्यामुळे आज बॅटरी बदलणं हे निमित्त होतं. आपल्याला अजून जमतं की नाही, हे ह्यांना बघायचं होतं. नाही जमलं तर काय, ह्या भीतीनं मी सकाळपासून पोळ्या जाळत होते.

"बंद केलास तेव्हा चार्ज किती होता?"

"वीस टक्के."

"बरं. भरलेली बॅटरी काढायची नसते."

गोंद सुटावा म्हणून शेकायच्या पिशवीनं फोनची पाठ गरम करून झाली. प्लास्टिकचं कार्ड फटीत घालून ह्यांनी ती अलगद उघडली. मला बरं वाटलं. मग बारीक स्क्रू. पहिला निघाला, दुसरा निघाला, तिसरा टणकन फरशीवर. मी तो शोधून गुपचूप पंच्यावर ठेवला.

बॅटरी मात्र तळाला घट्ट चिकटली होती. कार्ड आत जाईना, वाकायला लागलं. ह्यांचं कपाळ घामेजलं, आणि हात लोखंडी स्क्रूड्रायव्हरकडे गेला. धातू आत घालायचा नाही, बॅटरी टोचली तर भडका उडतो, हे आठवडाभर ह्यांनीच मला घोकून दाखवलं होतं!

"अहो!"

टोक घसरलं आणि त्या फुगलेल्या बॅटरीच्या अगदी कडेनं खर्रकन गेलं. मी ह्यांचं मनगट धरलं. ते माझ्या मुठीतसुद्धा थरथरत होतं.

"राहू द्या," मी म्हटलं. "दुकानात देऊ. कुणाला कळणारही नाही."

"इस्त्रीसारखं?"

मी मनगट सोडलं. दिवाळीच्या आधी ह्यांनी आमची इस्त्री दुरुस्त केली होती आणि ती तापलीच नव्हती. मी ती भाजीच्या पिशवीत घालून शनिवार पेठेतून नीट करून आणली. वर चार दिवस "काय मस्त तापतेय हो!" असं कौतुकही केलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इस्त्रीच्या स्क्रूंनी. स्क्रू पिळला की मी त्याची खाच उभी ठेवतो. सगळ्या एका दिशेला. कारखान्यातली सवय. त्या इस्त्रीवर चार खाचा चार दिशांना होत्या." जरा थांबून म्हणाले, "काम चांगलं केलंय त्यानं."

म्हणजे सहा महिने हा माणूस ती इस्त्री स्वतःच्या शर्टावर फिरवत होता आणि माझं खोटं कौतुक ऐकून घेत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि रागही आला.

"मग बोलायचं नाही?"

"तू बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच."

खाली रिक्षावाल्यांची कशावरून तरी जुंपली होती. मग हे उठले आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस."

"मी? डोकं फिरलंय का तुमचं?"

"अळूवडीचा उंडा कशानं कापतेस?"

"दोऱ्यानं."

"मग इथंही तेच. जाड दोरा घे. बॅटरीखाली घाल आणि डावी-उजवीकडे ओढत पुढे ये. दाबायचं नाही. वाकवायचं नाही."

मी देवाचं नाव घेतलं आणि दोरा घातला. हे कानाशी सांगत राहिले, "हळू. आता उजवीकडे. घाई कशाला करतेस, गाडी चुकतेय का?" स्वयंपाकघरात मी ह्यांना अशीच बोलते, तेव्हा मात्र ह्यांना राग येतो! शेवटी बॅटरी सुटली. ह्यांनी डबा पुढे केला आणि मी ती वाळूत ठेवली. नवी बसवली, स्क्रू लावले, पाठ दाबली. फोन सुरू झाला तेव्हा मी लहान मुलीसारखी ओरडले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नम्रता दार ढकलून आत आली. वर्ध्याची पोरगी, हिंजवडीला नोकरी करते.

"वॉव काका, झाला? भारी! माझ्या फोनचंपण बघा ना, दुपारपर्यंतसुद्धा चालत नाही." तिनं फोन ह्यांच्यापुढे धरला.

मी घाईघाईनं तोंड उघडलं. ह्यांना आज बरं नाही, असं काहीतरी ठोकून देणार होते.

"ठेव तिथं. बॅटरी मागव," हे म्हणाले. "काकू बसवेल. मी सांगेन."

"काय काका, मस्करी करता!"

"मस्करी नाही. माझा हात थरथरतो. वर्ष झालं. सोमवारी डॉक्टरांकडे नंबर लावलाय."

अडतीस वर्षांच्या संसारात ही बातमी मला आणि नम्रताला एकाच वेळी मिळाली! एरवी मी सोडलं नसतं. पण आज एवढंच विचारलं.

"कधी लावलात नंबर?"

"परवा."

"आणि एकटेच जाणार होतात?"

"जाणार होतो," हे म्हणाले. "आता तू चल."