धुळ्याच्या ड्रॉवरमधले स्टॉपवॉच

मित्रांनो, मी एक जुने, चावीचे स्टॉपवॉच आहे आणि कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. माझे कामच तसे. मानसशास्त्राच्या प्रयोगात समोरच्याला काही विचारतात आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मी सांगतो. माणूस कुठे अडखळला, हे माझ्यापासून लपत नाही.

जळगावच्या एका कॉलेजात डॉ. नूतन चौधरी मानसशास्त्र शिकवतात. त्यांनी मला जवळच्या असोदा गावी नेले. तिथल्या कुंदाबाईंच्या ओट्यावर बसून त्या एकेक शब्द म्हणायच्या आणि कुंदाबाईंनी मनात पहिला येईल तो शब्द सांगायचा. पुस्तकी मराठीत विचारले की बाई थबकायच्या; गावच्या बोलीत विचारले की उत्तर तयार. मध्येच त्या उठायच्या. "थांब वं माय, बकरी हाकलून येते!" मी आपला उगाच धावत राहायचो. अशा बिघडलेल्या नोंदीसुद्धा मॅडमनी आपल्या शोधनिबंधात जशाच्या तशा छापल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पण त्या निबंधाला कुत्रे विचारेना. दुसऱ्यांनी आपल्या लेखात तुमच्या निबंधाचा संदर्भ दिला, तर संशोधक म्हणून तुमचा मान वाढतो. मॅडमच्या संदर्भांचा आकडा वर्षानुवर्षे जागचा हलला नाही.

मग धुळ्याचे प्रा. हितेंद्र पाटील आले. "मॅडम, तुमचाच प्रयोग मी आमच्या इकडच्या सोनगीर गावात करतो. लेखावर नाव दोघांचं," म्हणाले आणि मला घेऊन गेले. त्याच आठवड्यात मी त्यांच्या टेबलावरून पडलो. काच तडकली, आतली स्प्रिंग तुटली आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली.

आणि बघता बघता लेखांचा धडाका सुरू झाला! सर फोनवर सांगायचे, "त्याच जुन्या स्टॉपवॉचने मोजलंय." अहो, मी तर इथे धूळ खात पडलो होतो! मग सोनगीरला गेले कोण? प्रत्येक लेखात मॅडमच्या निबंधाचा संदर्भ असायचा. सरांचे मित्रही तो देऊ लागले, न वाचताच. मॅडमचा आकडा भराभर चढला. कॉलेजने शाल-श्रीफळ दिले, प्राध्यापकपदाची मुलाखत ठरली. सगळे खूश होते आणि मी ड्रॉवरमध्ये चरफडत होतो.

मुलाखतीच्या आधल्या शनिवारी मॅडम धुळ्याला आल्या.

"सर, सोनगीरला एकही बाई मध्येच उठली नाही? शेळी नाही, शेजारीण नाही, चुलीवरचं दूध नाही?"

"तिथले लोक फार शांत आहेत, मॅडम."

"आणि माझं स्टॉपवॉच?"

"परवाच वापरलं की! ड्रॉवरमध्ये आहे."

सर जरासुद्धा अडखळले नाहीत. एवढ्या सफाईने खोटे बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. पण ते उठायच्या आत मॅडमनी ड्रॉवर उघडला. मला चावी दिली, ती नुसतीच गरगर फिरली. त्यांच्या बोटांना माझ्यावरची धूळ लागली.

"मॅडम, सोमवारपर्यंत गप्प राहा," सर हळूच म्हणाले. "पद पदरात पडू द्या. मग बघू."

मॅडमनी मला परत ड्रॉवरमध्ये ठेवले. मित्रांनो, खरे सांगतो, तेव्हा मला त्यांचाही संशय आला.

मग त्यांनी मला पर्समध्ये टाकले. "लेखांवरून माझं नाव आजच काढते. का काढलं, तेही मासिकांना कळवते." परतीच्या एसटीत त्या रडल्या. पर्स त्यांच्या मांडीवर हलत होती, म्हणून मला कळले.

लेख मागे घेतले गेले, आकडा घसरला आणि पद दुसऱ्याला मिळाले. पुढे मॅडमनी मला दुरुस्त करून घेतले आणि आम्ही पुन्हा असोद्याला गेलो.

"एवढ्या दिसाचं कुठी गेल्तं वं तुह्यं घड्याय?" कुंदाबाईंनी विचारले.

"धुळ्याला, अक्का. आता कुणाला देणार नाही."

मित्रांनो, एवढेच मागतो. कुणी तुमचे कौतुक करू लागले, तर आनंदात राहा. पण आपली वस्तू कुठे आहे, हे एकदा ड्रॉवर उघडून बघा. आणि तिला अधूनमधून चावी द्या.

मॅडमनी पहिला शब्द उच्चारला. तेवढ्यात शेळी आली आणि कुंदाबाई उठल्या. मी धावू लागलो. मॅडमनी मला थांबवले नाही.