बर्फाची चिठ्ठी

चोवीस जानेवारीला सकाळी दुशान्बेत बर्फ पडला आणि अख्खं शहर खुळावलं. तीन हिवाळे नुसत्या चिखलात गेले होते. चार-चार वर्षांच्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो फक्त फ्रीजच्या खणात. त्या सकाळी चिनार पांढरे झाले, ट्रॉलीबस चढावर घसरून आडव्या झाल्या आणि त्यांचे ड्रायव्हर शिव्या द्यायचं सोडून खाली उतरून एकमेकांना गोळे मारू लागले. कचेरीला निघालेली भारदस्त माणसं तोंड वर करून, जीभ बाहेर काढून अंगणात उभी होती. कामावर जायची घाई कुणालाच नव्हती.

पण नऊच्या सुमाराला सनवबर राहायची त्या जिन्यावरच्या वीस घरांतली सगळी मंडळी अंगण सोडून तिसऱ्या मजल्यावर धावली. तिथे म्हणे त्याहून मोठं नवल घडलं होतं.

सनवबरच्या घरात, भिंतीशी रचलेल्या गाद्यांच्या थप्पीत, वरून पाचव्या गादीखाली एक चिठ्ठी निघाली होती. चौकोनी कागद, निळी शाई. 'चोवीस जानेवारीला तुमच्यावर बर्फ पडेल.' आणि ही चिठ्ठी महिनाभरापूर्वीच तिथे आपोआप उतरली होती, असं लोक छातीवर हात ठेवून एकमेकांना सांगत होते.

"आपोआप?" शोदीकाकांनी विचारलं. काका आयुष्यभर ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेले. जगात आपोआप फक्त ब्रेक निकामी होतात, असं त्यांचं मत होतं.

"मग काय टपालाने आली?" तळमजल्यावरची अंझुरत फणकारली. "हजरतांनी सकाळी सांगितली त्याच गादीखाली निघाली. त्यांचा शब्द आहे तो! तुम्ही आपलं बुद्धिबळ खेळा."

हजरत म्हणजे इशान सबूर. दाढीला मेंदी, बोलण्यात साखर आणि खिशात दोन मोबाइल असा हा पीर डिसेंबरात अंझुरतच्या बैठकीत येऊन टेकला, तो टेकलाच. पहिल्याच दिवशी त्याने डोळे मिटून सांगितलं होतं, "चिल्ल्यात बर्फ पडणार. थंडीचे हे जे चाळीस दिवस, त्यातला नेमका दिवस मला कळलेला आहे. तुमच्या जिन्यात वीस घरं. त्यातल्या एका घरात मी तो दिवस लिहून उतरवला आहे. शोधू नका. शोधणाऱ्याच्या हाती कोरा कागद येतो." मग एक डोळा किलकिला करून त्याने चहात आणखी साखर मागितली होती.

"नळाला पाणी कधी येणार ते पालिकेला सांगता येत नाही," शोदीकाका तेव्हाही म्हणाले होते, "आणि ह्याला आभाळाचं वेळापत्रक पाठ!" पण शोधलं कुणीच नाही. कोरा कागद कुणाला हवा असतो?

आणि आता चिठ्ठी निघाली ती सनवबरकडे. सनवबर बावीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायच्या टेबलावर होती. पत्र आपोआप येत नाही, कुणीतरी टाकतं म्हणून येतं, हे तिच्याइतकं त्या गर्दीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या सकाळी तिने आपलं डोकं दाराबाहेरच्या चपलांशेजारी काढून ठेवलं. त्याला कारण होतं तिची नीगिना.

नीगिना अकरा वर्षांची. तिला फिट्स यायच्या. गेली दोन वर्षं सकाळ-संध्याकाळच्या गोळीने त्या थांबल्या होत्या, पण गोळी थांबत नव्हती. नवरा गेल्यापासून सनवबरला एकच घोर होता, आपल्यामागे ही गोळी कोण देईल? आणि इशान सबूर नेमकं त्यावरच बोट ठेवून बोलला.

"बहिणी, ज्या घरात शब्द उतरला त्या घरातलं दुखणं त्याच बर्फाच्या पाण्याने धुतलं जातं. बाटल्या भरून ठेव. चाळीस दिवस रोज तीन घोट. पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. औषध बंद."

जिन्यातल्या बायकांनी हुंदके दिले. सनवबर मात्र 'औषध बंद' ऐकताच उठली. तिने अंझुरतला स्वयंपाकघरात ओढलं.

अंझुरत तिची पहिलीपासूनची मैत्रीण. दोघींची बर्फाची चिठ्ठी चौतीस वर्षं चालू होती. पहिला बर्फ पडला की 'बर्फ आमचा, पुलाव तुमचा' असं लिहून दुसरीच्या घरात गुपचूप टाकायचं. टाकताना पकडली गेलीस तर पुलाव तू घाल, नाही पकडली गेलीस तर ती घालेल. सनवबरच्या लग्नात बर्फ पडला तेव्हा अंझुरतने चिठ्ठी नवरदेवाच्या टोपीत घातली होती. अशी ही बाई. सनवबरच्याच काय, जिन्यातल्या वीसही घरांच्या किल्ल्या तिच्या दाराआड खिळ्यांना टांगलेल्या असत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"तू सांग," सनवबर म्हणाली. "हजरत जाऊ देत. तू सांग. गोळी बंद करू?"

अंझुरतने ओट्यावरचा नान उगाचच फडक्यात गुंडाळला. "तुझ्या जागी मी असते तर एक दिवस थांबले नसते," ती म्हणाली.

त्या एका वाक्यावर सनवबरने गोळ्यांची डबी कपाटावर टाकली.

पहिले पाच दिवस नीगिना ठणठणीत होती. अंगणातला बर्फ दुसऱ्याच दिवशी वितळला, पण इशानची कीर्ती वाढत गेली. शेजारच्या इमारतीतून बायका रिकाम्या बाटल्या घेऊन येऊ लागल्या. सनवबरच्या फ्रीजमधल्या तीन बाटल्यांकडे लोक मजारीकडे बघावं तसे बघत.

सहाव्या दिवशी नीगिनाला शाळेच्या जिन्यात फिट आली. ती सात पायऱ्या गडगडत खाली आली आणि कपाळ फुटलं. दुसरी फिट अँब्युलन्समध्ये आली.

"गोळी कधी बंद केलीत?" इस्पितळात डॉक्टर गुलरुखनी विचारलं. बंद केलीत का, असं विचारलंसुद्धा नाही.

सनवबरने मान खाली घालून सगळं सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. "पहिले दिवस बरे गेले ते बर्फामुळे नाही, बाई. आधीच्या गोळ्यांचा अंमल अंगात होता. तो उतरला आणि फिट आली. ही मुलगी आज जिवंत आहे, कारण पायऱ्या सातच होत्या. एवढं लक्षात ठेवा."

तरीही, खरं सांगायचं तर, सनवबरचा विश्वास अजून पुरता उडाला नव्हता. माणूस एकदा फसला की त्याला फसवणाऱ्यापेक्षा स्वतःवर संशय घेणं सोपं जातं. संध्याकाळी अंझुरत सूप घेऊन इस्पितळात आली आणि हळूच म्हणाली, "हजरत म्हणतात, तुझ्या मनात किंतु आला असेल." सनवबरला तेही पटलं. ती अंझुरतच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली.

अंझुरत गेली आणि कपाळाला पट्टी बांधलेली नीगिना खुदकन हसली.

"आई, मावशी यंदा हरली."

"काय हरली?"

"बर्फाची चिठ्ठी! मी तिला केव्हाच पकडलंय. डिसेंबरात तू कामाला गेली होतीस ना, तेव्हा ती किल्लीने आत आली आणि बाबांच्या बुटात चिठ्ठी खुपसली. मी पडद्यामागे होते. म्हटलं, बघा लबाड, बर्फ पडायच्या आधीच टाकतेय! मग मीच ती न उघडता काढून ठेवली. बर्फ पडला की सगळ्यांसमोर ओरडणार होते. पण त्या दिवशी कुणी खेळलंच नाही गं."

सनवबर खाटेवर पुढे सरकली. "नीट आठव. बुटातच टाकली, की आणखी कुठे?"

"गाद्यांच्या इथे पण काहीतरी करत होती. ते मला दिसलं नाही."

"आणि बुटातली कुठाय?"

"माझ्या नकाशांच्या पुस्तकात."

सनवबर घरी आली. नकाशांच्या पुस्तकात चौकोनी कागद होता, निळी शाई होती. 'अकरा जानेवारीला तुमच्यावर बर्फ पडेल.' अकरा जानेवारीला तर लोक स्वेटर काढून उन्हात बसले होते. तिने गादीखालची चिठ्ठी शेजारी ठेवली. बावीस वर्षं अक्षरं बघितलेली बाई ती. हात एकच होता आणि तो इशानचा होता, बाटल्यांवर त्याने घातलेल्या तारखांशी हुबेहूब जुळणारा. पण ठेवणारा हात कुणाचा, हे तिला आता माहीत होतं. मेलेल्या नवऱ्याचे बूट मांडीवर घेऊन ती जमिनीवर बसली. इशानचा तिला रागसुद्धा आला नाही. तो काय, परका भामटा. पण स्वयंपाकघरात नान गुंडाळणारी ती बाई तिची होती.

मग तिचं चपलांपाशी ठेवलेलं डोकं जागेवर आलं. ती शोदीकाकांकडे गेली.

"काका, माझ्या एका घरात दोन चिठ्ठ्या. जिन्यात घरं वीस. चिल्ल्याचे दिवस किती?"

काकांनी बुद्धिबळाचा पट बाजूला सारला. "चाळीस," ते म्हणाले, आणि त्यांनी एक अशी शिवी हासडली की ती इथे लिहिता येणार नाही.

शुक्रवारी अंझुरतच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. इशान सबूर बाटलीवर फुंकर मारत होता. "जो शंका घेतो, त्याच्या घरावरून बर्फसुद्धा वळून जातो..."

"माझ्या घरात तर तो दोनदा उतरला," सनवबर दारातून म्हणाली आणि दोन्ही चिठ्ठ्या तिने मोठ्याने वाचल्या.

मग इशान हसला. "दुसरी जिन्नांनी टाकली, बहिणी. ते नक्कल करतात."

"जिन्नांचं अक्षर हुबेहूब तुमच्यासारखं?" शोदीकाका म्हणाले. "तुम्हाला शिकवणारे मास्तर तेच होते वाटतं!"

"मी कुणाला माझ्यावर विश्वास ठेवा म्हणत नाही," सनवबर म्हणाली. "आपापल्या घरी जा. तांदळाच्या डब्यात, घड्याळामागे, जुन्या कोटाच्या खिशात बघा. चिठ्ठी कोरी निघाली तर मी सगळ्यांसमोर ह्यांची माफी मागेन."

बायका कुरकुरल्या. दोघी-तिघींनी तिला कृतघ्न म्हटलं. मग चौथ्या मजल्यावरची मस्तुरा नुसतं बघते म्हणून उठली, आणि पाच मिनिटांत तांदूळ लागलेला कागद घेऊन खाली आली. 'एकतीस डिसेंबरला तुमच्यावर बर्फ पडेल.' त्यानंतर जिन्यात जी धावपळ झाली ती बर्फाच्या दिवशीही झाली नव्हती. तासाभरात अंगणातल्या बाकावर काकांनी एकतीस चिठ्ठ्या तारखेप्रमाणे ओळीने लावल्या, प्रत्येकीवर बुद्धिबळाचं एकेक प्यादं आणि प्यादी संपल्यावर खडे ठेवून. उरलेल्या नऊ ठेवणाऱ्या हाताने बहुतेक आधीच गुपचूप काढून नेल्या होत्या. चाळीस दिवसांच्या चाळीस चिठ्ठ्या, बर्फ कधीही पडो. ज्या दिवशी पडेल त्या दिवसाची कुठे आहे, एवढंच पिराने लोकांना सांगायचं. चमत्कार तो एवढाच होता.

"आणि पडलाच नसता तर?" मस्तुराने विचारलं.

"तर आपण पापी ठरलो असतो," काका म्हणाले.

हे सगळं वाचून होईपर्यंत इशान सबूर गाडीत बसून निघूनही गेला होता. बाटली तेवढी विसरला.

बैठक रिकामी झाल्यावर अंझुरत खिळ्यांवरच्या किल्ल्यांखाली उभी राहून रडत होती. "माझ्या पोराचा, दिलोवरचा दोन वर्षं पत्ता नाही, सनवबर. रशियात तो जिवंत आहे की नाही तेही कळत नाही. हजरत म्हणाले, एवढं काम कर, तो परत येईल. मला वाटलं, एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय बिघडतं. तारीख तुझ्याच घरात निघेल हे मला काय माहीत?"

"दुसरीच्या घरात निघाली असती, तर तिचं पोर पडलं असतं." सनवबरचा आवाज चढला नाही. "तू फसलीस, ते मला समजतं. मीपण फसले. पण मी इशानला विचारलं नव्हतं, अंझुरत. मी तुला विचारलं होतं. तेव्हा चिठ्ठी कुणी ठेवली ते तुला माहीत होतं."

सनवबर जिना चढून वर गेली.

नीगिना घरी आली. सनवबरने फ्रीजमधल्या तिन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. तळाशी अंगणातली काळी माती निघाली. गोळ्यांची डबी पुन्हा चहाच्या किटलीशेजारी आली.

"यंदा मावशीला चिठ्ठी टाकलीच नाही आपण," नीगिना म्हणाली. "आता चालेल?"

बर्फ वितळून तीन आठवडे झाले होते. तरी सनवबरने कागद घेतला. खेळाच्या रिवाजाप्रमाणे ती लपूनछपून गेली नाही. भरदिवसा तळमजल्यावर उतरली, बेल वाजवली आणि चिठ्ठी अंझुरतच्या हातात दिली. तिच्यात लिहिलं होतं:

'बर्फ पडला होता. गारठा आणि ओल एकत्र आली म्हणून पडला, कुणी पाडला नव्हता. फार सुंदर होता आणि तेवढंच त्याचं काम होतं. नीगिनाने आज सकाळची गोळी घेतली, ती तिला बरी ठेवते. दिलोवरसाठी कुठल्या पिराकडे जाऊ नकोस, वकिलातीत अर्ज कर. अर्ज मी लिहून देईन. पुलाव नको. माझ्या घराची किल्ली परत दे.'

अंझुरतने चिठ्ठी दोनदा वाचली. मग वळून तिने खिळ्यावरची किल्ली काढली.