कळशीतलं पाणी

“अम्मा, या आठवड्यात पाण्यात नवीन काय घातलंत?”

कार्तिकेय आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. कोळत्तूरला त्याचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. हात बाहेर काढला तेव्हा तळव्यावर तीन मेलेल्या गोगलगाई होत्या.

“काही नाही,” मी ठणकावून सांगितलं. चौतीस वर्षं चेन्नईत काढली आहेत, भांडण्यापुरतं तमिळ मला उत्तम येतं. “कागदावर लिहिलंय तेवढंच केलं.”

कागद ह्यांचा. हे म्हणजे कृष्णकांत, माझे यजमान, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. नऊ दिवसांपूर्वी ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आत जाताना माणसं बायकोचा हात धरतात, ह्यांनी माझ्या हातात कागद दिला. दिवे किती वाजता लावायचे, पंप कधी पुसायचा, आणि खाली दोन रेघा मारून लिहिलेलं : रोज हवेत उडून जाईल तेवढंच पाणी भरायचं. मीठ घालायचं नाही, मीठ उडत नाही. पाणी शुद्ध हवं.

नऊ वर्षं ही टाकी माझी सवत होती. अंबत्तूरच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये टीव्ही झोपायच्या खोलीत आणि हॉलमध्ये हा अडीच फुटांचा समुद्र. प्रवाळ म्हणजे झाड नाही, दगड नाही, जीव आहे, हे घरी येणाऱ्या गॅसवाल्यालासुद्धा ऐकावं लागायचं. त्या प्रवाळांची इंग्रजी नावं ह्यांना पाठ. मी आपली बारक्या गोल प्रवाळांना बटणं म्हणते आणि मधल्या मांसल, मोठ्याला छत्री. छत्री रुपयाएवढी होती तेव्हा वरदा वादळ आलं. वीज गेली, पंप बंद पडला. पाण्यात हवा जावी म्हणून हा माणूस दोन दिवस माझ्या आमटीच्या पळीनं टाकी ढवळत बसला. पळी मला परत मिळाली नाही ती नाहीच.

ऑपरेशननंतर तोंडातली नळी काढली तेव्हा ह्यांचा पहिला शब्द काय असावा?

“छत्री उघडली?”

अस्सा राग आला! आणि त्याच वेळी, माणूस बोलतोय, जिवंत आहे, म्हणून इतकं भरून आलं की बाहेर जाऊन मी मनसोक्त रडले. मग आत येऊन म्हटलं, “उघडली.”

तेव्हा ते खरं होतं. चार दिवसांनी नव्हतं. छत्री मिटली ती उघडेचना, बटणं पांढरी पडायला लागली. ह्यांनी फोटो मागितला तेव्हा मी फोनमधला जुना दाखवला. हे घरी येईपर्यंत ती जगली पाहिजे, एवढं एकच मागणं मी येता-जाता देवाकडे मागत होते.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या शेषाद्रींनी मला जिन्यात डोळे पुसताना पाहिलं. हे तंजावरचे मराठे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं मराठी आणि कालचं तमिळ एकाच वाक्यात बोलतात. “अय्यो वैनी, रडूं नका. मीं जाऊन त्याला घेऊन येतों,” म्हणाले आणि स्कूटरवरून कार्तिकेयला घेऊन आले.

“पाणी कुठलं भरता? दाखवा,” कार्तिकेय म्हणाला.

मी त्याला स्वयंपाकघरात नेलं. टाकीसाठी पाणी शुद्ध करणारं फिल्टरचं मशीन तिसऱ्याच दिवशी बिघडलं होतं आणि दुरुस्तीवाला ‘नाळैक्कु, नाळैक्कु’ करत उद्यावर ढकलत होता. मग घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी कुठलं? माझ्या आईची तांब्याची कळशी. रोज चिंचेनं लख्ख घासायची, पाणी गाळून भरायचं, रात्रभर ठेवायचं. ह्यांना सकाळी उठल्यावर त्यातलंच पाणी लागतं. तेच मी टाकीत घालत होते, रोज तीन तांबे, हलक्या हातानं.

कार्तिकेयनं कपाळावर हात मारला. “चेंबु! अम्मा, हे तांबं! माणसाला चालतं. यांना थेंबभरही विष. आधी गोगलगाई जातात, मग हे.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा सवतीला मायेनं काही भरवलं आणि ते नेमकं विष निघालं!

पुढचे तीन दिवस त्या दोघांनी काय केलं ते मी जन्मात विसरणार नाही. कार्तिकेयनं टाकीतलं पाणी थोडं थोडं उपसून त्याच्या जागी मीठ कालवलेलं ताजं पाणी कॅन भरभरून आणलं, तांबं शोषून घेणारी कसलीशी पुडी टाकीत सोडली. शेषाद्रींचा गुडघा कामातून गेलेला, तरी कॅन घेऊन दोन मजले चढायचे. मी आडवी आले तर म्हणायचे, “चूक जाली म्हणून काय? वाईट तर चिंतिलं नाहीं तुम्ही.” कार्तिकेय तर आभार ऐकूनच घेईना. “कृष्णकांत सार आजवर माझ्या दुकानातले पंप फुकट दुरुस्त करत आलेत,” म्हणाला आणि कॉफी पिऊन निघून गेला.

बाराव्या दिवशी हे घरी आले. छातीशी उशी धरून, भिंतीला हात लावत, थेट टाकीपुढे. मी खुर्ची सरकवली.

अर्धी बटणं गेली होती. छत्री आक्रसून निम्मी झाली होती, पण एका कडेला, नखाएवढ्या जागेत, केसासारखे बारीक कोंब पाण्यात हलत होते.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कळशी, तांबं, जुना फोटो, सगळं.

ह्यांनी काचेला बोट लावून ते कोंब न्याहाळले. मग म्हणाले, “फोटोतला पिवळा मासा गेल्या दिवाळीत मेलाय, लता. मला तेव्हाच कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“दोन बस बदलून रोज येत होतीस. अजून काय विचारायचं तुला?”

मग ह्यांनीच विचारलं,

“कळशी कुठंय?”

“ओट्याखाली उपडी घातलीय. डोळ्यांसमोर नको मला ती.”

“काढ. घासून भर. त्यांना नाही चालत, मला चालतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्याच्या पेल्यातून पाणी आणून दिलं. टाकीपुढच्या खुर्चीत बसून ह्यांनी ते सावकाश, घोट घोट घेत संपवलं. सवयीनं पेला टाकीच्या कडेवर ठेवायला हात पुढे केला, तसाच मागे घेतला आणि पेला माझ्या हातात दिला.