दाढेतली चांदी

मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरात मिरी कुटायचा खल असेल, तर मला त्याचा काचेचा चुलतभाऊ समजा. मी दातांच्या दवाखान्यातला जुना खल. बूड जाड, पोट खोलगट आणि आतून खरखरीत. सध्या माझ्या पोटात टाचण्या, दोन-चार रबरबँड आणि कुणाच्या तरी सदऱ्याचं एक बटण आहे. पण एके काळी याच पोटात चांदी दळली जायची. थापा मारत नाही. चांदी आणि पारा!

भट्टीतल्या वितळलेल्या काचेचा लालबुंद गोळा साच्यात पडला आणि मी जन्मलो. माझे भाईबंद गुळगुळीत होऊन बाहेर पडले, कुणी पेला झाला, कुणी बरणी. मला मात्र एका कारागिराने वाळू घालून आतून घासघास घासलं. माझी चकाकी गेली म्हणून मी फार हिरमुसलो होतो. पुढे कळलं, की गुळगुळीत पोटात चांदीची पूड नुसती घसरगुंडी खेळते, दळली जात नाही. खरखरीतपणा हीच माझी विद्या होती.

दवाखाना लहानसा होता. एक उंच खुर्ची, डोक्यावर दिवा, दोरीच्या पट्ट्यावर गरगरणारं दात कोरायचं यंत्र, आणि खिडकीजवळ एक टेबल. टेबलावर मी आणि माझा जोडीदार, काचेचा बत्ता. डॉक्टर उंच, बारीक आणि कमी बोलणारे होते.

पहिल्यांदा पारा पाहिला तो दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरांनी बाटलीतून एक थेंब माझ्यात सोडला. धातू म्हणावा तर वाहतो, पाणी म्हणावं तर ओलं करत नाही! बोट लावावं तर शंभर ठिकाणी पळेल. लावू मात्र नका हं. पारा विषारी असतो. डॉक्टरसुद्धा खिडकी उघडी ठेवत, बोटांना रबरी टोप्या घालत आणि सांडलेला कण न् कण टिपून घेत.

त्या पाऱ्यावर चांदीची पूड पडायची. तिच्यात थोडं कथील आणि थोडं तांबंही असायचं. डॉक्टर बत्ता पेनासारखा हलक्या हाताने धरत आणि गोल गोल फिरवत. आधी सगळं काळपट व्हायचं. राखच म्हणा ना. मला दर वेळी वाटायचं, बिघडलं वाटतं आज. आणि मग एका क्षणी ती राख एकमेकांना बिलगायची, लकाकायची, आणि माझ्या भिंती सोडून मऊ गोळा व्हायची. कधीही स्थिर न राहणारा पारा चांदीच्या घरी जाऊन गृहस्थ झालेला असायचा. हजारदा पाहिलं तरी माझं मन भरलं नाही.

गोळा मऊ चामड्याच्या फडक्यात पिळून डॉक्टर जास्तीचा पारा काढून टाकत. मग गोळा कानाशी नेऊन अंगठ्याने दाबत. कोरडं पीठ पुडीत दाबलं की कुरकुरतं ना, तसा बारीक आवाज यायचा. तो आला की माल तयार. त्यानंतर घाई करायची, कारण काही मिनिटांतच त्या लोण्याचा दगड व्हायला लागायचा.

एकच खंत होती. चांदी दाढेत बसली, की तोंड मिटायचं आणि माणूस घरी जायचा. माझं काम कायमचं अंधारात. ते टिकलं की निखळलं, मला कोण सांगणार?

एके दिवशी एक गवंडी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी सात वर्षांची, एक गाल हाताने धरलेला. गवंड्याच्या चपलांना सिमेंट लागलं होतं आणि त्याला कामावर परत जायची घाई होती.

"डॉक्टर, ही एक दाढ ओढून टाका. रात्रभर झोपली नाही पोर. दुधाचीच आहे, पडणारच आहे नाहीतरी."

डॉक्टरांनी दिवा ओढला आणि पाहिलं. "मिस्त्री, ही दुधाची नाही."

"अहो, सात वर्षांची आहे ती!"

"तरीपण. ही सहाव्या वर्षी येते, दुधाच्या दातांच्या मागून. कुठला दात पडत नाही, रक्त येत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. हिला आयुष्यभर हीच दाढ वापरायची आहे."

"आणि पाडली तर?"

"पाडायची असेल तर आत्ता पाडतो. पण इथे पुन्हा काही उगवणार नाही."

गवंड्याने मुलीच्या तोंडात वाकून पाहिलं, अगदी भिंतीतली भेग पाहावी तसं. मग म्हणाला, "भरा."

डॉक्टरांनी कीड कोरून काढली. मुलीने बापाचा अंगठा घट्ट धरून ठेवला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिने तोंड मिटलं नाही. खड्डा असा कोरला होता, की तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद. ते पाहून गवंड्याची कळी खुलली. "म्हणजे आत गेलेलं बाहेर येऊ नये म्हणून! आम्हीपण भिंतीला खाचा मारतो, गिलावा धरावा म्हणून."

मग माझी पाळी आली. चांदी दळली, पिळली, कुरकुरली. आणि नेमका तेव्हा गवंड्याला प्रश्नांचा पान्हा फुटला. हे वितळणार नाही ना? गरम दुधाने? काळं पडेल का? झोपेत गिळलं तर? डॉक्टर भिडस्त, उत्तरं देत बसले. उत्तरं संपली तेव्हा त्यांनी गोळा दाबला, तर तो नुसताच चुरला. आवाज नाही, मऊपणा नाही.

"गेला," डॉक्टर म्हणाले आणि गोळा टाकायच्या बरणीकडे वळले.

"अहो, चांदी आहे ती! वरून थोडा पारा सोडा की. पुन्हा मऊ होईल."

डॉक्टर थांबले. "मिस्त्री, तुमचा माल घट्ट व्हायला लागला, तर वरून पाणी मारून पुन्हा कालवता का?"

गवंड्याने मान खाजवली. "मालक बघत नसला तर... कालवतो कधीकधी."

"आणि मग ती भिंत?"

गवंड्याने स्वतःच्या चपलांवरच्या सिमेंटकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "टाकून द्या तो. नवा करा. मी बोलत नाही आता."

मित्रांनो, त्या दिवशी दुसऱ्यांदा मी चांदी दळली, आणि सांगतो, तसा गोळा माझ्या पोटात पुन्हा झाला नाही. डॉक्टरांनी तो कणाकणाने दाढेत दाबला, वरून कोरून डोंगर-दऱ्या काढल्या, अगदी निसर्गाने काढल्या होत्या तशा. "आज या बाजूने चावायचं नाही," त्यांनी सांगितलं. मुलीने मान डोलावली, तोंड मिटलं आणि दोघं निघून गेले. दुसऱ्या दिवशी ती चांदी घासून घ्यायला आली ती आईबरोबर. मग ती चांदीही अंधारात गेली.

पुढे दवाखान्यात एक यंत्र आलं. त्याच्यात बंद कुपी अडकवली, की ते अंगात आल्यासारखं थरथरायचं आणि क्षणात गोळा तयार. पाऱ्याला हात लावायलाच नको! मला राग यायला हवा होता, पण मी आ वासून बघतच राहिलो. मग पांढरं मलम आलं. त्याच्यावर निळा दिवा धरला, की ते डोळ्यांदेखत दगड होतं. उजेडाने दगड! माझ्या काळी असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बत्ता एका सफाईत पडून फुटला. डॉक्टर गेले. त्यांच्या नातीने दवाखाना चालवायला घेतला, मला घासून-पुसून स्वच्छ केलं आणि आजोबांची आठवण म्हणून फळीवर ठेवलं. आठवणीच्या पोटात हळूहळू टाचण्या साठल्या. मी तक्रार केली नाही. पण धूळ बसली, की ती जुनी खंत जागी व्हायची.

परवा दवाखान्यात एक बाई आल्या. केस पांढरेशुभ्र. बरोबर लेक आणि गाल धरलेला नातू.

"दुधाचीच दाढ आहे ना हो?" लेकीने घाईघाईने विचारलं. "पडणारच असेल तर काढूनच टाका."

नातडॉक्टर काही बोलायच्या आत आजी पुढे झाल्या. "काढायचं नाव काढू नकोस! ती जन्माची सोबतीण आहे." आणि त्यांनी सरळ स्वतःचं तोंड उघडलं. "बघा हो डॉक्टर, मागची. खालची."

नातडॉक्टरने दिवा ओढला. आणि मित्रांनो, तिने तोंडात धरलेल्या लहान आरशात, फळीवरून, मला ते दिसलं. गडद, करड्या रंगाची, कडेला किंचित झिजलेली, पण आपल्या जागी घट्ट बसलेली चांदी. डोंगर-दऱ्यांसकट. माझी चांदी!

"किती सुंदर बसलीय," नातडॉक्टर हळूच म्हणाली. "हिला कुणीही हात लावायची गरज नाही. कुणी भरली होती?"

"तुमच्या आजोबांनी. याच खोलीत." आजींची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "आणि हा बघा, यात! दोनदा दळली होती माझ्यासाठी. पहिली टाकून दिली."

"आई, तू हे कधी बोलली नाहीस," लेक म्हणाली.

"दाढ दुखलीच नाही कधी, मग आठवणार कशी?" आजी हसल्या. मग नातवाजवळ बसल्या. "तुझ्या पणजोबांनी त्या दिवशी मला घरी सोडलं आणि ते तडक कामावर गेले. आदल्या दिवशी बांधलेली अख्खी भिंत त्यांनी पहारीने पाडली. लोक म्हणाले, मिस्त्रीला वेड लागलं. त्यांनी नवा माल कालवला आणि ती पुन्हा बांधली."

"कुठली भिंत?" नातवाने गालावरचा हात काढून विचारलं.

"तुझ्या शाळेची. तू मधल्या सुट्टीत जिला टेकून डबा खातोस, ती."

नातू विचारात पडला. मग उंच खुर्चीवर चढला आणि त्याने आपणहून तोंड उघडलं.

नातडॉक्टरने निळा दिवा हातात घेण्याआधी मला फळीवरून उतरवलं, टाचण्या एका डबीत ओतल्या आणि माझं पोट ओल्या फडक्याने पुसलं. मी आता रिकामा आहे, आणि इतका भरलेला मी कधीच नव्हतो.

मित्रांनो, आज दात घासताना आरशासमोर मोठा आ करा. सगळ्यात मागे, कुणाला न सांगता आलेली एक दाढ असेल. तिला दुधाची समजून सोडून देऊ नका. तिला तुमच्याबरोबर म्हातारं व्हायचं आहे.