पाठ टेकली का

रविवार, १६ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. माजलगावात धान्याच्या मोंढ्याशेजारच्या मैदानावर बांधलेल्या रिंगमध्ये समाधान खाली पडला आणि उठला नाही.

लोक टाळ्या वाजवत राहिले. ठरल्याप्रमाणे उत्तरेश्वरनं त्याच्या छातीवर पाय ठेवला, दोन्ही हात वर केले आणि पब्लिककडं बघून जीभ दाखवली. पोरांनी त्याला शिव्या दिल्या. त्यासाठीच तो तिथं होता. पोस्टरवर त्याचं नाव ‘काळा वाघ’ होतं. माइकवर दहापर्यंत मोजणी सुरू झाली. समाधाननं आठाला उठायचं ठरलं होतं. आठ झाले, नऊ झाले. उत्तरेश्वर वाकून पुटपुटला, “ऊठ बे, आठ झाले.”

समाधान म्हणाला, “पाय कुठंयत माझे?”

माइकवाल्यानं दहा म्हटलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. खेळ लांबवायचा असेल, असं त्याला वाटलं. टाळ्या थांबायला दीड मिनिट लागलं.

समाधान नेकनूरचा, वय चोवीस. तेराव्या वर्षापासून तो शहादेव वस्तादांच्या तालमीत होता. या तालमीत एक नियम फार कडक होता. सरावात पाठीला माती लागली की शंभर बैठका, मग समोर कुणीही असो. रात्री पोरांनी उताणं झोपलेलंही वस्तादांना चालत नसे. ते काठीनं पायाला डिवचून कुशीवर वळवत.

टीव्हीवर दिसते तशी रिंगमधली कुस्ती जिल्ह्यात आणायची कल्पना विश्वेश्वरची. माजलगावात त्याचं मोबाईलचं दुकान आहे. उत्तरेश्वर ही कुस्ती हरियाणात दोन वर्षं शिकून आला होता. त्याला समोर एक खरा पैलवान हवा होता. समाधान तयार झाला आणि वस्तादांना सांगायला गेला.

वस्ताद म्हणाले, “कोण पडणार, ते आधीच ठरलंय ना? मग ती नुरा कुस्ती झाली. नुरा लढणारा माझ्या तालमीच्या हौद्यात उतरत न्हाई.”

“वस्ताद, नुरात लोकांना फसवतेत. हितं लोकांना म्हाईत असतंय. आन् पडायलाबी शिकावं लागतंय. आठ दिवस झाले, मला आजून धड पडता येईना.”

“अकरा वर्षं न पडायचं शिकवलं, आन् आठ दिवसांत पडायला शिकायलास व्हय?”

“एकदा येऊन बघा. मग म्हणा, ही विद्या न्हाई म्हणून.”

वस्ताद गेले नाहीत.

पडायचं कसं, हे उत्तरेश्वरनं विश्वेश्वरच्या गोदामात गादी टाकून शिकवलं होतं. हनुवटी छातीला चिकटवायची, दोन्ही हात पसरायचे आणि पूर्ण पाठ एकदमच टेकवायची. उचलणारा नव्हे, पडणारा स्वतःला वाचवतो; उचलणारा फक्त त्याला सरळ सोडतो. शनिवारपर्यंत समाधान दहापैकी दहा वेळा नीट पडू लागला होता.

गोदामात हलगी नव्हती.

रविवारी सकाळी विश्वेश्वरला वाटलं, नुसत्या इंग्रजी गाण्यांवर आपले लोक तापणार नाहीत. त्यानं खऱ्या कुस्तीच्या फडात वाजवणारे हलगीवाले बोलावले. समाधानला ते आवडलं. उत्तरेश्वरलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. साडेपाचला हलगी कडाडली आणि समाधाननं शड्डू ठोकला. शड्डू ठोकायचं ठरलं नव्हतं.

पुढचं सगळं विश्वेश्वरच्या भाच्यानं मोबाईलवर घेतलेल्या चित्रणात आहे. उत्तरेश्वर समाधानला खांद्यावर उचलतो, आडवा करतो, सरळ सोडतो. हवेत, जमिनीपासून तीनेक फुटांवर, समाधान पाठ वाचवायला कमरेतून वळतो आणि डोक्याचा टेकू देतो. मातीत, कमरेच्या उंचीवरून, हा बचाव हजार वेळा यशस्वी होतो. इथं तो खांद्यावरून खाली येत होता, आणि खाली माती नव्हती. प्लायवूडवर इंचभर फोम होता.

बीडच्या रुग्णालयात सोमवारी मानेची शस्त्रक्रिया झाली. मंगळवारी जमादार जबाब घ्यायला आले. बाहेरच्या बाकावर समाधानची आई मुक्ताबाई, उत्तरेश्वर आणि विश्वेश्वर बसले होते.

“हे नेमकं काय होतं?” जमादारांनी विचारलं. “खेळ का नाटक? खेळ असंल तर खेळताना लागलं म्हणून लिहितो. नाटक असंल तर पाडणाऱ्याचा निष्काळजीपणा बघावा लागंल.”

“मार्शल आर्ट लिहा, साहेब,” विश्वेश्वर म्हणाला. “कराटे कसंय, तसं. धोका ज्याचा त्याला म्हाईत असतो.”

“परवानगीच्या अर्जात तर तुमी ‘करमणुकीचा कार्यक्रम’ लिहिलंय.”

“ते तवा लिहिलं. तसं लिहिलं की लवकर मिळती.”

जमादार उत्तरेश्वरकडं वळले. “तू बोल बे, काळ्या वाघा.”

उत्तरेश्वर दोन दिवस जेवला नव्हता. “कराटेत समोरच्याला पाडायला शिकवतेत. आमी समोरच्याला न लागता पाडायला शिकतो. ह्यातलं अवघड कोणतं, तुमीच सांगा.”

“मग लागलं कावून?”



मुक्ताबाई म्हणाल्या, “ते काय हाय ते तुमी सावकाश ठरवा, दादा. माझं लेकरू पाय हलवंल का, तेवढं कुणीतरी सांगा.”

जमादारांनी कागदावर ‘खेळ का नाटक’ ही जागा मोकळी सोडली.

शहादेव वस्ताद बुधवारी आले. उत्तरेश्वरनं त्यांना मोबाईलवर चित्रण दाखवलं. पहिल्यांदा त्यांनी पूर्ण बघितलं. नंतर फक्त शेवटचे चार सेकंद, पाच वेळा.

“तू सरळ सोडलंय,” ते उत्तरेश्वरला म्हणाले. “वळला त्यो. हे वळण माझं हाय.”

तिथून ते एसटीनं थेट माजलगावच्या पोलीस ठाण्यात गेले आणि जमादारांना म्हणाले, “माझ्यावर लिहा. पाठ टेकू द्यायची न्हाई, हे मी शिकवलं.”

“वस्ताद, तुमी तिथं होता का?”

“न्हाई. त्यानं बोलावलं होतं.”

“मग कसं लिहू? शिकवलं म्हणून कुणावर कलम लागत न्हाई.”

वस्ताद अर्धा तास तसेच बसून राहिले. मग जमादारांनी त्यांना चहा पाजला आणि रिक्षात बसवून दिलं.

त्यानंतर ते रोज सकाळी नेकनूरहून एसटीनं येतात. समाधान मानेला पट्टा लावून उताणा असतो. दर दोन तासांनी दोन परिचारिका आणि वस्ताद मिळून त्याला कुशीवर वळवतात, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. वस्ताद पायांकडून धरतात. पाय वजनाला भरपूर आहेत, पण त्यांच्यात ओढ नाही. शनिवारी वळवताना समाधाननं विचारलं, “वस्ताद, पाठ टेकली का?”

“न्हाई,” वस्ताद म्हणाले. “डोकं आधी टेकलं.”

“मग पडलो न्हाई मी.”

“न्हाई पडलास.”

“टेकली असती तर बरं झालं असतं ना?”

वस्तादांनी चादर सारखी केली. मुक्ताबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. अकरा वर्षांत त्यांनी वस्तादांना कधी काही विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी, सकाळी दहा. डॉक्टरांनी समाधानच्या डाव्या तळव्यावरून पेनाचं टोपण ओढलं. अंगठा किंचित हलला. वस्तादांनी तो पाहिला, मुक्ताबाईंनी पाहिला. समाधानला छताखेरीज काही दिसत नव्हतं.

“हाललं ना?” मुक्ताबाईंनी विचारलं.

“हाललं,” डॉक्टर म्हणाले. “पण त्यानं हलवलं, की सवयीनं आपोआप हललं, ते आज सांगता येत नाही.”

सोमवारी पुन्हा तपासणार आहेत.