काहीही झालं तरी शून्य

सकाळी लसींच्या कोठारातली पहिली खोली गरम सापडली. आतल्या सगळ्या लसी वाया गेल्या होत्या. तासाभरात कोठार सांभाळणाऱ्या नर्सबाईंच्या हातात नोटीस पडली: दार उघडं ठेवल्याचा निष्काळजीपणा.

"बावीस वर्षांत एकदाही ते दार मी उघडं टाकलेलं नाही," नर्सबाई म्हणाल्या.

साहेबांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "काल रात्रीपर्यंत सगळे दिवे हिरवे. म्हणजे मशीन ठीक होतं. आज सकाळी काय केलंत ते तुम्हीच सांगा."

कॉम्प्युटर विभागातल्या मुलीला सगळे मिरची म्हणत. ती जागेवर गेली आणि तिने तपमान तपासणारा प्रोग्राम उघडला. तो दर दहा मिनिटांनी चालायचा, प्रत्येक खोली बघायचा आणि संपताना एक आकडा मागे ठेवायचा. शून्य म्हणजे सगळं ठीक. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे बिघाड. मग दिवा लाल आणि घंटा सुरू.

नोंदींत पहिली खोली परवापासूनच गरम होती. प्रोग्रामला ते दर वेळी कळलंही होतं. पण शेवटी कुणीतरी एक ओळ वाढवली होती: काहीही झालं तरी शून्य. शेजारी साहेबांचं नाव आणि शेरा, "उगाच वाजते."

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दार न वाजवताच साहेबांच्या खोलीत शिरली.

"घंटेचं तोंड तुम्ही दाबलंत आणि नोटीस बाईंना?"

"आवाज खाली कर. जेवताना, मीटिंगमध्ये, सारखी बोंबलायची ती. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं."

"मशीन दुरुस्त करायला हवं होतं! चोर सोडून संन्याशाला सुळी देताय?"

"ती ओळ राहू दे. चौकशीनंतर बघू."

"नाही राहणार."

तिने साहेबांच्याच कॉम्प्युटरवर ओळ खोडली आणि प्रोग्राम चालवला. पहिल्या खोलीचा दिवा लाल झाला. पाठोपाठ तिसऱ्या खोलीचाही. घंटा कर्कश वाजू लागली.

"बाई, तिसरीही तापतेय!" मिरची ओरडत धावली.

नर्सबाईंनी नोटीस दातांत धरली आणि खोके उचलले. दोघींनी मिळून चाळीस खोके दुसऱ्या खोलीत नेले. थोडा आणखी उशीर झाला असता, तर तेही गेले असते.

घामाघूम होऊन त्या परतल्या तेव्हा साहेबांनी घसा खाकरला. "झालं ते झालं. नोटीस मागे घेतली असं समजा."

"समजा?" नर्सबाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "दिलीत कागदावर. मागेही कागदावरच घ्यायची. आणि ती ओळ कुणी लिहिली, तेही त्यात येऊ द्या."

"बाई, जरा माझ्या पदाचा..."

"लिहा."

साहेबांनी तीनदा कागद फाडला. चौथा नर्सबाईंनी सगळ्या विभागासमोर मोठ्याने वाचला, एका चुकीच्या शब्दावर थांबून तो दुरुस्त करून घेतला, आणि मगच त्या उठल्या.